ब्रेकची थरथर आणि चकतीची झीज : एक अभ्यास

मोटार विकत घेताना आपण रंग पाहतो, आसने पाहतो, एका लिटरमध्ये किती किलोमीटर धावते हे दहा जणांस विचारतो. ब्रेककडे मात्र लक्ष जाते ते त्याने कुरबूर सुरू केल्यावरच. त्या कुरबुरीचा एक प्रकार असा की, रस्ता चांगला असूनही वेगात ब्रेक दाबला की पेडल पायाखाली ठोके देऊ लागते, स्टीअरिंग हातात थरथरते, आणि मागे बसलेली मंडळी ‘काय झाले?’ म्हणून विचारतात. पाय उचलला की सर्व शांत. या विकाराचे निदान कसे करावे, आणि विशेषतः दुरुस्त करूनही तो पुन्हा का उलटतो, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मी यंत्रशास्त्र शिकलेला नाही, धंदा कापडाचा. परंतु एकाच दुखण्यावर दोनदा पैसे मोजून झाल्यावर ते मुळातून समजून घेणे भाग पडले. आणि आपल्या संघातील कित्येक बंधूंनी हीच तक्रार बोलून दाखविल्यामुळे हे टिपण स्मरणिकेसाठी लिहीत आहे.

हकीकत थोडक्यात अशी. आमची मोटार लहान, पाच माणसांची. चाळीस हजार किलोमीटर होऊन गेल्यावर एकदा बेळगावहून चोर्ला घाटाने साखळीकडे उतरताना थरथर प्रथम जाणवली. गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रींनी एक फेरी मारून निर्णय दिला : ‘‘शेटजी, डिस्क वाकल्या आहेत.’’ पुढच्या दोन्ही चकत्या व पॅड नवीन घातले. गाडी लोण्यासारखी थांबू लागली. सात हजार किलोमीटर झाले आणि थरथर परत आली. या खेपेस चकत्या लेथवर तासून दिल्या; पुन्हा तोच आनंद, आणि सहा हजारांनंतर पुन्हा तोच त्रास. गॅरेजवाल्यांनी लबाडी केली असे मला आजही वाटत नाही. त्यांनी दोन्ही वेळी काम केले, परंतु एकदाही मोजले नाही. आपण तर मोजण्यावर जगणारी माणसे. श्रावकाच्या अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत कमीअधिक मापांचा स्पष्ट समावेश आहे हे आपल्या घरातील मुलांसही ठाऊक असते. आणि तेच आपण, मोटारीच्या बाबतीत, ‘वाकल्या आहेत’ या दोन शब्दांवर हजारोंचे बिल चुकते करतो!

चकती म्हणजे काय हे प्रथम सांगितले पाहिजे. जुन्या अँबॅसडर व फियाट गाड्यांना चारही चाकांवर ड्रमचे ब्रेक असत. चकतीच्या ब्रेकचे पेटंट इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये घेतले होते. पण त्याचा खरा बोलबाला झाला तो १९५३ च्या ल मां येथील शर्यतीत जॅग्वार गाड्यांनी तो वापरून विजय मिळविल्यावर. आज आपल्याकडील बहुतेक लहान गाड्यांस पुढे चकती व मागे ड्रम अशी योजना असते. चाकाबरोबर फिरणारी बिडाची चकती. तिला दोन्ही अंगांनी चिमट्यासारखा धरणारा कॅलिपर. आणि त्या चिमट्याच्या दोन ओठांवर बसविलेले पॅड. पेडल दाबले की ब्रेक ऑइलचा दाब कॅलिपरमधील पिस्टनवर येतो, पिस्टन आतला पॅड चकतीवर दाबतो, आणि कॅलिपर आपल्या दोन पिनांवर किंचित सरकून बाहेरचा पॅडही तितक्याच जोराने ओढून घेतो.

आता ठोके येतात कोठून? चकती सर्वत्र सारख्या जाडीची असेल तर पॅडमधील अंतर एकसारखे राहते आणि पेडल स्थिर राहते. पण एखाद्या ठिकाणी ती जाड व दुसऱ्या ठिकाणी पातळ असेल, तर जाड भाग पॅडमध्ये शिरला की पिस्टन मागे ढकलला जातो. ऑइल दबत नाही. ते पिस्टनचा धक्का जसाच्या तसा पेडलवर आणून पोहोचविते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यास एक धक्का धरला, तर ताशी ७२ किलोमीटर वेगास लहान गाडीचे चाक सेकंदाला अकरा फेरे घेते, म्हणजे पायाला सेकंदाला अकरा ठोके. वेग उतरेल तसे ठोके सावकाश होतात. याउलट इंजिनाच्या किंवा एबीएसच्या कंपाचा चाकाच्या गतीशी असा हिशेब जुळत नाही. हा फरक पायाने ओळखता येतो.

येथेच ‘वाकली’ या शब्दाचा घोटाळा आहे. चकती नुसती वाकडी फिरत असेल, म्हणजे जाडी सर्वत्र सारखी पण डावीउजवीकडे डुलत असेल, तर सरकता कॅलिपर तिच्याबरोबर डुलतो आणि पेडलला फारसे काही कळत नाही. ठोके देते ती जाडीतील विषमता. ही विषमता अगदी सूक्ष्म असली तरी पुरते. मिलिमीटरचा पन्नासावा भाग, म्हणजे ०.०२ मिलिमीटर, एवढ्यानेही पायाला जाणीव होऊ शकते. हे माप माणसाच्या केसाहूनही बारीक आहे. डोळ्याने पाहून किंवा बोट फिरवून ते कळणार नाही. ‘मला दिसतेच आहे’ असे कोणी म्हणाल्यास त्यास नम्रपणे मायक्रोमीटर मागावा.

मग डुलणे निरुपद्रवी समजावे काय? तसे नाही, तेच या रोगाचे बीज आहे. डुलणाऱ्या चकतीचा एक भाग दर फेऱ्यास पॅडला हलकेच चाटून जातो, ब्रेक दाबलेला नसतानाही. लहान चाक एका किलोमीटरला साधारण ५५० फेरे घेते. सात हजार किलोमीटरचे ३८ लाख फेरे झाले. म्हणजे चकतीच्या त्या एकाच जागेस ३८ लाख वेळा पॅडचा स्पर्श! काही पॅड त्या जागी चकतीस घासून पातळ करतात, तर काही आपलेच द्रव्य तेथे चिकटवून तिला जाड करतात. दोहोंचा परिणाम एकच, जाडीत विषमता. नवी चकती घातल्याबरोबर गाडी सुरेख का थांबते आणि काही हजार किलोमीटरनंतरच का बिघडते, याचे उत्तर या हिशेबात आहे. चकती बदलली, पण तिला डुलावयास लावणारे कारण जागच्या जागी राहिले.

माझ्या गाडीचे कारण शोधून काढले ते उद्यमबागेतील एका परिचित कारखानदारांनी. बेळगाव हे बिडाच्या ओतकामाचे व यंत्रकामाचे मोठे केंद्र असल्यामुळे तेथे डायल गेज ही काही अपूर्वाईची वस्तू नव्हे. त्यांनी प्रथम चाक उचलून हाताने हलवून पाहिले, कारण चाकाचे बेअरिंग सैल असेल तर पुढील सर्व मापे व्यर्थ. बेअरिंग ठीक होते. मग चाक काढून, चकती नटांनी हबवर घट्ट आवळून, गेजची सुई चकतीच्या बाहेरच्या कडेपासून सुमारे एक सेंटिमीटर आत टेकविली व चकती हाताने सावकाश फिरविली. उजव्या बाजूस काटा ०.०४ मिलिमीटर हलला, डावीकडे ०.१३. बहुतेक कारखाने चकती गाडीवर बसविलेल्या स्थितीत ०.०५ ते ०.१० मिलिमीटरपर्यंत सूट देतात. आपल्या गाडीचा नेमका आकडा दुरुस्ती-पुस्तकात पाहावा. नंतर मायक्रोमीटरने डाव्या चकतीची जाडी आठ ठिकाणी मोजली. सर्वांत जाड व सर्वांत पातळ जागेत ०.०३ चा फरक निघाला. ठोक्यांचा पुरावा हाती आला.

पुढची युक्ती मला फार आवडली, म्हणून सविस्तर सांगतो. चकतीचा जो भाग सर्वांत बाहेर येत होता तेथे खडूने खूण केली आणि हबच्या त्याच दिशेच्या बोल्टवरही खूण केली. मग चकती काढून एक भोक पुढे फिरवून पुन्हा बसविली व पुन्हा मोजले. उंच जागा चकतीवरील खुणेबरोबर सरकली असती, तर दोष चकतीचा. ती हबच्या खुणेशीच थांबली, म्हणजे दोष हबचा. आमच्या बाबतीत ती हबपाशीच राहिली. चकती काढून हबचे तोंड पाहिले तर एका बाजूस तपकिरी गंजाची पापडी, नखाने सहज लागणारी. दोन पावसाळ्यांची कमाई! डावी नवी चकती याच पापडीवर बसविली गेली होती.

एवढ्याशा पापडीने एवढे कसे होते, अशी शंका साहजिक आहे. हबचे तोंड १३० मिलिमीटर व्यासाचे धरा आणि चकतीवर जेथे मोजतो तो व्यास २३० धरा. हबच्या एका कडेस ०.०५ मिलिमीटर जाडीचा गंज असेल तर तोच तिरपेपणा चकतीच्या कडेपर्यंत वाढत जाऊन जवळजवळ ०.०९ होतो. तराजूच्या दांडीचा न्याय येथे लागू पडतो. मध्यापाशी केलेली चूक टोकाशी मोठी दिसते. तारेचा ब्रश आणि एमरी कागद यांनी हबचे तोंड व चकतीची आतली बाजू लखलखीत केली, आणि डावीकडील माप ०.०४ वर आले. चकतीतील विषमता काढण्यासाठी ती एकदा हलकेच तासावी लागली, कारण झालेली झीज गंज काढल्याने भरून येत नाही. एमरी कागदाची किंमत लिहिण्याजोगी नाही.

गंज हे एकच कारण आहे असा मात्र समज करून घेऊ नये. चाकाचे नट एकसारखे न आवळणे हे दुसरे, आणि बहुधा तितकेच सामान्य. त्याविषयी शेवटी लिहितो. बेअरिंगची झीज, खड्ड्यात आदळून वाकलेला हब, आणि क्वचित खरोखरच सदोष चकती ही आणखी कारणे.

गॅरेजला जाण्यापूर्वी घरच्या घरीही काही गोष्टी ठरविता येतात. स्टीअरिंग थरथरत असेल तर दोष बहुधा पुढच्या चाकांत. स्टीअरिंग शांत असून आसन व तळ हादरत असेल तर मागच्या. मागचे ड्रम अंडाकृती झाले आहेत काय हे पाहण्यास, मोकळ्या व सरळ रस्त्यावर ताशी तीस-चाळीसच्या वेगाने, हातब्रेकचे बटण दाबून धरून तो हळूहळू ओढावा व लगेच सोडावा. तेवढ्यानेच थरथर आली तर पुढच्या चकत्या निर्दोष ठरण्याचा संभव मोठा. ज्या गाडीस बटणाचा विजेवर चालणारा हातब्रेक आहे तिच्यावर हा प्रयोग करू नये. आणखी एक सूचना : ओल्या रस्त्यावर किंवा वाळूत जोराने ब्रेक दाबल्यावर पेडल खडखडते व करकर आवाज येतो, तो एबीएस आपले काम करीत असतो, त्यास रोग समजून कोणी चकत्या बदलू नयेत. परंतु कोरड्या रस्त्यावर, थांबता थांबता, अगदी मंद वेगात तसे खडखडू लागले तर चाकाजवळील सेन्सरला गंज वा मळ लागला आहे काय ते तपासून घ्यावे.

आता झिजेकडे वळू. चकती व पॅड कसे झिजले आहेत हे पाहणाऱ्यास ते जुन्या वहीसारखे वाचता येतात. दोन्ही पॅड सारखे झिजले तर सर्व सुरळीत. आतला पॅड पार संपला आणि बाहेरचा अर्धा शिल्लक, असे दिसले तर कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या अडकल्या असे बहुधा निघते. रबराचे टोपण फाटून आत पाणी शिरते, ग्रीस वाळते, पिन गंजते. मग पिस्टनच्या बाजूचा पॅड एकटाच राबत राहतो. पिना साफ करून, उष्णता सोसणारे व रबरास न खाणारे योग्य ग्रीस लावून ही दुरुस्ती थोडक्यात होते. साधे चासिस ग्रीस तेथे कदापि लावू देऊ नये. त्याने रबर फुगते व पिन पूर्वीपेक्षा घट्ट बसते. पॅड तिरपा झिजला, एका टोकास जाड व दुसऱ्या टोकास पातळ, तर कॅलिपर नीट बसलेला नाही किंवा पिनेत ढिलाई आहे असे समजावे.

डाव्या व उजव्या चाकांत मोठा फरक असेल तर गोष्ट अधिक गंभीर. एका चाकाचा ब्रेक सुटतच नसावा. घरी आल्यावर चाकाजवळ तळहात नेऊन पाहावा, चकतीस स्पर्श मात्र करू नये. एक चाक दुसऱ्यापेक्षा फार तापलेले लागले किंवा करपल्यासारखा वास आला, की संशय पक्का. पिस्टन गंजून अडकला असेल, किंवा ब्रेकची रबरी नळी आतून फुगून ऑइलला परत येऊ देत नसेल. मिस्त्रीने चाक उचलून कॅलिपरचा ब्लीड निपल किंचित उघडावा. लगेच चाक मोकळे झाले तर दाब अडकला होता, नळी तपासा. तरीही घट्ट राहिले तर पिस्टन किंवा पिना अडकल्या आहेत. बाहेरून नळी ठणठणीत दिसते, म्हणून हा दोष फार फसवा आहे. थरथर असलेली गाडी काही दिवस सांभाळून चालविता येईल. परंतु ब्रेक अडकून एक चाक तापत असेल, किंवा ब्रेक दाबताच गाडी एका अंगास ओढत असेल, तर ती घाटात नेऊ नये.

चकतीवर निळसर-काळे डाग दिसले तर ती अतिशय तापली होती हे नक्की. सुमारे ७०० अंश सेल्सिअस व त्यापुढे गेल्यावर त्या जागी बिडाची घडण बदलते व थंड होताना कठीण गाठी तयार होतात. लेथवर तासले तरी त्या वर उरतात, कारण त्या पृष्ठभागाखालीही असतात. अशी चकती बदलणेच बरे. तसेच चकतीच्या कडेवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. नव्या जाडीहून तो साधारण दीड-दोन मिलिमीटरच कमी असतो. तासून त्याखाली जाणार असेल तर तासणे म्हणजे पैसे वाया घालविणे, आणि धोकाही.

ही उष्णता येते कोठून, याचाही हिशेब पाहण्याजोगा आहे. माणसांसह ११०० किलो वजनाची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून थांबविताना जेवढी उष्णता निर्माण होते, तिच्या सुमारे वीसपट ऊर्जा तीच गाडी ५०० मीटर उंची उतरताना मोकळी होते. ती सगळी ब्रेकवरच घातली तर जणू वीस वेळा लागोपाठ गाडी थांबविली! चोर्ला, अनमोड व आंबोली हे आपल्या नित्याच्या वाटेवरचे घाट. स्तवनिधीस जाणाऱ्यांस तवंदी घाट आहे. उतारावर दुसरा किंवा तिसरा गिअर टाकून इंजिनास भार घेऊ द्यावा आणि ब्रेक अधूनमधून नीट दाबून पूर्ण सोडावा. पाय सतत टेकवून ठेवू नये. घाट उतरताच खाली चहासाठी थांबलो तर तापलेली चकती पॅडमध्ये आवळून ठेवू नये. पॅडचे द्रव्य त्या एका जागी छापल्यासारखे बसते. शक्य तर शेवटचे एक-दोन किलोमीटर ब्रेक न वापरता हळू चालवावे, सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकास दगड लावावा.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते हेही येथेच सांगतो. डॉट ३ प्रतीचे कोरडे ऑइल किमान २०५ अंशांस उकळते, ओलावा मुरल्यावर ती मर्यादा १४० पर्यंत उतरते. डॉट ४ साठी हे आकडे २३० व १५५ आहेत. उकळलेल्या ऑइलात वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल तळास जाते. आपल्या पावसाळी मुलखात दर दोन वर्षांनी ऑइल बदलणे हा खर्च नव्हे.

चातुर्मासात पुष्कळ कुटुंबांचा प्रवास कमी होतो आणि गाडी दाराशी ओली उभी राहते. चकतीवर तांबूस थर येतो तो पहिल्या चार-सहा ब्रेकांत निघून जातो, त्याची चिंता नको. पण पॅडखाली झाकलेला भाग व उघडा भाग वेगवेगळे गंजतात, आणि आठवडे लोटले की पॅडच्या आकाराचा ठसा उमटून तेथून ठोके सुरू होतात. आठवड्यातून एकदा पाच-सात किलोमीटर फिरवून, ब्रेक चार वेळा नीट वापरून, सुकवून गाडी उभी केली म्हणजे पुरे. नवे पॅड घातल्यावरही मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा वेग उतरवावा, दर वेळी मध्ये थोडे अंतर जाऊ द्यावे, आणि शेवटी काही किलोमीटर ब्रेक न दाबता चालवून थंड करावे. पॅडचा पातळ व सारखा थर चकतीवर बसला म्हणजे पकड एकसारखी राहते.

राहिले नट. रस्त्यात पंक्चर होते, दुकानदार हवेच्या बंदुकीने खडखड करीत नट आवळतो, आपण पैसे देऊन निघतो. बहुतेक लहान गाड्यांच्या नटांस ८५ ते ११० न्यूटन-मीटर एवढेच बल सांगितलेले असते. म्हणजे अर्ध्या मीटरच्या दांड्याच्या टोकाशी साधारण वीस किलोंचा भार. बंदूक याच्या कितीतरी पट आवळू शकते, आणि तेही प्रत्येक नटास निराळे. मग चकती हबवर तिरपी ताणली जाते आणि वर सांगितलेला सारा हिशेब नव्याने सुरू होतो. नट प्रथम हाताने बसवावेत, मग समोरासमोरच्या जोडीने, एकदम नव्हे तर तीन फेऱ्यांत आवळावेत, आणि शेवटची फेरी टॉर्क पान्याने द्यावी. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पान्याने तपासावे. असा एक पाना मी आता डिकीत ठेवला आहे. पंक्चरवाल्यांस सुरुवातीला राग येत असे. आता आमच्या गल्लीतील दुकानदार गाडी दिसताच बंदूक खाली ठेवून पाना मागतो.